लेखणी थांबली तर मालिका थांबते का? संप, दुपारच्या मालिका आणि सेटवरचा आपला कामगार

मानखुर्द : टीव्हीवरच्या लेखकांनी संप केला तर त्याचा आपल्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटेल. पण आपल्या मानखुर्द, गोवंडी, ट्रॉम्बे, चेंबूर पट्ट्यातली घरे दोन बाजूंनी या धंद्याशी जोडलेली आहेत. दुपारी काम आवरून टीव्ही लावणाऱ्या आया-बहिणी मालिकांच्या प्रेक्षक आहेत. आणि वडाळ्याला गाडी बदलून गोरेगावकडे जाणारे स्पॉटबॉय, लाइटमन, सेटिंगवाले, ज्युनिअर आर्टिस्ट हे त्याच मालिकांचे कामगार आहेत. आता आपल्या समाजातली शिकलेली मुले-मुली संवादलेखक, सहायक दिग्दर्शक म्हणूनही तिथे शिरू लागली आहेत. म्हणून संप झाल्यावर नेमके काय होते, कोणाचे काय थांबते आणि कोणाचे काहीच थांबत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

रोजची मालिका लिहिली कशी जाते?

सिनेमाची पटकथा एकदा लिहून होते. रोजच्या मालिकेचे तसे नाही. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२ भाग होतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो. एवढे लिखाण एका माणसाच्या हातून होणे शक्य नाही. म्हणून आपल्याकडे कामाचे तीन वाटे पडतात. कथालेखक पुढच्या काही आठवड्यांचा कथेचा प्रवास ठरवतो. पटकथालेखक त्याचे भाग आणि प्रसंग पाडतो. संवादलेखक पात्रांच्या तोंडी बोलणे घालतो. या तिघांच्या डोक्यावर वाहिनीची आणि निर्मात्याची क्रिएटिव्ह मंडळी असतात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की त्यांच्याकडून फर्मान सुटते : हा ट्रॅक गुंडाळा, त्या पात्राला परत आणा, लग्न पुढे ढकला.

याचा परिणाम असा की पुष्कळदा चित्रीकरणाच्या दिवशी सकाळपर्यंत संवाद लिहिणे चालू असते. नट मेकअपला बसलेला असतो आणि पाने मोबाइलवर येत असतात. सेटवरची शंभरेक माणसे त्या पानांची वाट पाहत असतात. साखळीतला सर्वात पहिला दुवा लेखक आहे, हे सेटवरच्या चहावाल्यालाही माहीत असते. पण श्रेयनामावलीत त्याचे नाव डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात निघून जाते, आणि बऱ्याच वाहिन्यांवर तेही रोज दाखवत नाहीत.

'बँक' संपली की खेळ संपला

चित्रित होऊन, संकलित होऊन, प्रसारणासाठी तयार असलेल्या भागांच्या साठ्याला या धंद्यात 'बँक' म्हणतात. संप झाला तर मालिका किती दिवस तग धरेल, हे या बँकेवरून ठरते. सिनेमाला संपाचा फटका कित्येक महिन्यांनी दिसतो, कारण प्रदर्शनाची तारीख लांब असते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या कार्यक्रमाला चार तयार भागांवर महिना काढता येतो. रोजच्या मालिकेचे चार तयार भाग चारच दिवसांत खर्च होतात. शिवाय टीआरपीप्रमाणे कथा वळवायची सोय राहावी म्हणून वाहिन्या फार मोठी बँक ठेवतही नाहीत. त्यामुळे पडद्यावर सर्वात आधी काळोख होतो तो रोजच्या मालिकेचा.

काळोख हा शब्द अर्थातच बोलण्यापुरता. पडदा रिकामा कधीच राहत नाही. तिथे जुने भाग लागतात. दुपारचा वेळ आपल्याकडे मुळात याच कामासाठी वापरला जात आला आहे. काल रात्रीचा भाग आज दुपारी पुन्हा लागतो, आणि रात्री पाळीवर असलेल्या बाया तो दुपारी पाहतात. खास दुपारसाठी लिहिलेल्या मालिकाही झाल्या. १९९४ मध्ये दूरदर्शनवर आलेली हिंदी 'शांती' दुपारीच लागायची. मराठीत अलीकडे स्टार प्रवाहने २०२२ च्या फेब्रुवारीत 'मुरांबा' दुपारी दीड वाजता सुरू केली. पण एकूण पाहता दुपार ही पुनःप्रसारणाची वेळ. संपाच्या काळात रात्रीचाही मुख्य वेळ दुपारसारखा होतो, सगळीकडे शिळेच वाढले जाते.

नोव्हेंबर २००८ : मुंबईत काय घडले

आपल्याकडे नुसत्या लेखकांनी पुकारलेला लांब संप झालेला नाही. सर्वात जवळचे उदाहरण २००८ चे. फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज ही कॅमेरा, ध्वनी, संकलन, प्रकाश, मेकअप, सेटिंग, स्पॉटबॉय, ज्युनिअर आर्टिस्ट, लेखक अशा वेगवेगळ्या कामांच्या संघटनांची शिखर संघटना आहे. वेतनवाढ आणि थकीत पैसे या मागण्यांसाठी तिने १ ऑक्टोबर २००८ रोजी काम बंद केले. निर्मात्यांच्या संघटनेशी सामंजस्य करार झाला, वेतनवाढ मान्य झाली आणि काम सुरू झाले.

महिनाभराने फेडरेशनचे म्हणणे आले की कबूल केलेली वाढ मिळालीच नाही, उलट झालेल्या कामाचे पैसेही अडकले आहेत. निर्मात्यांनी कामाच्या तासांचा मुद्दा पुढे केला. ८ नोव्हेंबर २००८ पासून हिंदी मालिकांचे चित्रीकरण थांबले. १० नोव्हेंबरला, सोमवारी, मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्यांवर नवे भाग बंद होऊन जुने भाग सुरू झाले. दोन दिवसांत नवे भाग गायब झाले, यावरून बँक किती रिकामी होती ते कळते.

त्या वर्षीचे दिवसही लक्षात घेण्यासारखे आहेत. जुलै २००८ मध्ये कलर्स ही नवी वाहिनी आली होती आणि तिची 'बालिका वधू' घराघरांत पोचली होती. आठ वर्षे चाललेली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ६ नोव्हेंबरला नुकतीच संपली होती. जगभर मंदी होती, जाहिरातदार हात आखडता घेत होते. अशा वेळी जुन्या भागांवर काही आठवडे काढणे वाहिन्यांना फार जड गेले नसावे, असे आमचे मत आहे. जुना भाग दाखवायला नवा खर्च नसतो. सेटचे भाडे नाही, पाळीचे पैसे नाहीत, लेखकाचे मानधन नाही.

१९ नोव्हेंबरला तोडगा निघून संप मागे घेतला गेला. पण नवे भाग लगेच दिसले नाहीत. ते १ डिसेंबरपासून सुरू झाले. म्हणजे काम सुरू झाल्यावरही १२ दिवस गेले. कथा पुन्हा जुळवायची, पाने लिहायची, कलाकारांच्या तारखा मिळवायच्या, चित्रीकरण, संकलन, पार्श्वसंगीत, वाहिनीची मंजुरी. ही सगळी साखळी शून्यातून भरावी लागते. सोमवार ते शुक्रवार चालणाऱ्या मालिकेचे या तीन आठवड्यांत १५ नवे भाग गेले. दरम्यान २६ नोव्हेंबरला मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि साऱ्या शहराचे लक्ष तिकडे लागले.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये फेडरेशनने पुन्हा संप पुकारला. तेव्हाच्या मागण्यांत आठ तासांची पाळी ही एक ठळक मागणी होती. एकविसाव्या शतकात, देशाच्या आर्थिक राजधानीत, आठ तासांच्या पाळीसाठी संप करावा लागतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

अमेरिकेत लेखक संपावर, तरी मालिका चालू

अमेरिकेत दुपारच्या मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणतात. रेडिओच्या काळात साबण आणि धुण्याची पावडर बनवणाऱ्या कंपन्या गृहिणींसाठी हे कार्यक्रम पुरस्कृत करायच्या, त्यावरून हे नाव पडले. तिथे रायटर्स गिल्ड ही लेखकांची बळकट संघटना आहे आणि तिने अनेकदा संप केले आहेत. १९८८ चा संप ७ मार्चपासून ऑगस्टपर्यंत, म्हणजे पाच महिने चालला. पुढचा ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ असा १०० दिवसांचा. अलीकडचा २ मे ते २७ सप्टेंबर २०२३, १४८ दिवसांचा.

या संपांत रात्रीचे विनोदी गप्पांचे कार्यक्रम पहिल्याच दिवशी बंद पडतात, कारण ते त्या दिवशीच्या बातम्यांवर लिहिले जातात. रात्रीच्या साप्ताहिक मालिका काही आठवड्यांनी थांबतात. दुपारच्या मालिका मात्र बहुतेक चालूच राहतात. याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण, साठा. तिथल्या काही मालिकांचे भाग कित्येक महिने आधी चित्रित करून ठेवलेले असतात.

दुसरे कारण, बदली लेखक. निर्माते आणि कार्यालयातली माणसे स्वतः लिहायला बसतात. शिवाय तिथल्या कायद्याप्रमाणे लेखकाला संघटनेचे पूर्ण सदस्यत्व सोडून, फक्त मूळ वर्गणी भरून, संपातही काम करता येते. गिल्ड अशा लेखकाला पुन्हा कधीच पूर्ण सदस्य करून घेत नाही. तरीही दुपारच्या मालिकांतल्या काही लेखकांनी हा मार्ग पत्करला. ते तसे का वागले, हेही समजून घेतले पाहिजे. दुपारच्या मालिकांचा प्रेक्षक वर्षानुवर्षे घटत होता. आपली मालिका एकदा बंद पडली तर पुन्हा उभी राहणार नाही, अशी त्यांना भीती होती. आणि ती भीती हवेतली नव्हती. रेडिओ आणि टीव्ही मिळून ७२ वर्षे चाललेली 'गायडिंग लाइट' सप्टेंबर २००९ मध्ये बंद झाली, 'अॅज द वर्ल्ड टर्न्स' सप्टेंबर २०१० मध्ये. त्या संपामुळेच बंद झाल्या असे म्हणता येणार नाही. बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडल्या, वाहिन्या वाढल्या, जाहिराती दुसरीकडे गेल्या.

तिसरे कारण, करारांची विभागणी. २०२३ मध्ये जुलैपासून अमेरिकेतले नटही संपावर गेले. पण दुपारच्या मालिकांतले नट वेगळ्या कराराखाली येतात, म्हणून ते कामावर जात राहिले. एकाच धंद्यातले कामगार वेगवेगळ्या करारांत वाटले गेले की संपाची धार कशी बोथट होते, हे त्यातून दिसते.

तरीही त्या १४८ दिवसांनी लेखकांच्या पदरात ठोस गोष्टी पडल्या. मानधन वाढले, ओटीटीवरच्या पुनःप्रदर्शनाचा वाटा सुधारला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुरावरून लेखकाचे श्रेय व पैसे कापता येणार नाहीत, असा करार झाला.

मग आपल्याकडे लेखकांचा संप का होत नाही?

आपल्याकडेही लेखकांची संघटना आहे. पूर्वीचे नाव फिल्म रायटर्स असोसिएशन, आताचे स्क्रीनरायटर्स असोसिएशन. ती नोंदणीकृत कामगार संघटना आहे आणि तिचे कार्यालय मुंबईत अंधेरीला आहे. पण तिच्या हातात अमेरिकेसारखा सर्व निर्मात्यांना बांधील असलेला सामूहिक करार नाही. किमान अटींच्या कराराची मागणी लेखक वर्षानुवर्षे करत आले आहेत. तो करार नसल्याने प्रत्येक लेखक एकटा निर्मात्यासमोर बसतो.

त्यात पैसे भागाप्रमाणे मिळतात. भाग गेला तर मानधन, आणि तेही प्रसारणानंतर बऱ्याचदा तीन-तीन महिन्यांनी. संपात एक भाग गेला म्हणजे एका भागाचे मानधन कायमचे गेले. कथा, पटकथा, संवाद असे काम वाटलेले असल्याने एकाने हात वर केला तर त्याच्या जागी दुसरा आणणे सोपे जाते. रांगेत उभे असलेले नवे लेखक कमी नाहीत.

कायद्याने एक मोठी गोष्ट दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आली की चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा लेखकाचा हक्क त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही. पण कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा धनादेश यांच्यात किती अंतर असते, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको.

पहिला फटका शेवटच्या माणसाला

आता आपल्या गल्लीकडे येऊ. संप कोणीही करो, काम थांबले की मिळकत सर्वात आधी थांबते ती पाळीवर जगणाऱ्याची. वाहिनी जुन्या भागांवर जाहिराती लावते. नावाजलेला नट घरी बसू शकतो. पटकथालेखकाच्या हातात कदाचित एखाद्या सिनेमाचे काम असते. स्पॉटबॉयची पाळी गेली की त्या दिवसाची चूल गेली. २००८ मध्ये चित्रीकरण अकरा दिवस बंद होते. महिन्याला वीस-बावीस पाळ्या करणाऱ्या माणसाला हा साधारण एक तृतीयांश महिना. त्यातही संघटनेचे कार्ड असलेला निदान संपाचा भागीदार असतो. कार्ड नसलेला, ठेकेदाराच्या शब्दावर सेटवर जाणारा मुलगा मागण्यांत कुठेच नसतो.

असाच धक्का संपाशिवायही बसला आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळी चित्रीकरणे थांबली. आपल्या घराघरांत पाहिली जाणारी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिकाही त्यात होती. बहुतेक मालिकांचे नवे भाग दिसायला जुलै उजाडला. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले, तेव्हा अनेक मालिकांनी बस्तान उचलून गोवा, सिल्वासा असे राज्याबाहेरचे ठिकाण गाठले. नट आणि मोजके तंत्रज्ञ सोबत गेले. मुंबईतला रोजंदारीवरचा माणूस इथेच राहिला.

गिरणगावाने हे आधी पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप लांबत गेला, कापडाचे काम यंत्रमागांकडे सरकले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. मालिकांचा धंदाही उचलून नेता येणारा आहे. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. १९४८ मध्ये उभा राहिलेला हा स्टुडिओ सप्टेंबर २०१७ मध्ये आगीत सापडला, २०१९ मध्ये बांधकाम कंपनीला विकला गेला. पूर्व उपनगरातल्या कामगाराला जवळचे एक ठिकाण कमी झाले. आता गोरेगाव, मढ, मीरा रोड, नायगाव, घोडबंदर. प्रवासातच तीन-चार तास जातात, वर पाळी बारा तासांची.

बाबासाहेबांनी संपाकडे कसे पाहिले

संपाचा विचार करताना आपल्याला दूर जायची गरज नाही. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपावेळी बाबासाहेबांनी एक अडचणीचा प्रश्न पुढाऱ्यांना विचारला. कापड विणण्याच्या खात्यात, जिथे पैसे जास्त मिळायचे, तिथे अस्पृश्य कामगारांना स्पृश्य कामगारच येऊ देत नव्हते. संपाच्या मागण्यांत याला जागा का नाही? त्यांच्या आग्रहानंतर ती मागणी नाइलाजाने यादीत घेतली गेली. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला, कारण लागोपाठच्या संपाने आधीच कर्जात बुडालेला गरीब कामगार भरडला जाणार होता.

तेच बाबासाहेब १९३८ मध्ये संपाच्या हक्कासाठी उभे राहिले. मुंबई सरकारने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाने संपावर बंधने येणार होती. संप करणे हे माणसाच्या स्वातंत्र्याचेच दुसरे रूप आहे, अशी भूमिका त्यांनी विधिमंडळात मांडली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार पुढाऱ्यांसोबत मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला. मालिकांचे चित्रीकरण ८ नोव्हेंबर २००८ ला थांबले, त्याच्या बरोबर ७० वर्षे आणि एक दिवस आधी.

या दोन्ही भूमिकांत विसंगती नाही. संपाचा हक्क हवाच. पण कोणत्याही संपाची मागणीपत्रिका हातात घेऊन आपण एक प्रश्न विचारायला हवा : यात सर्वात खालच्या माणसासाठी काय आहे?

आपल्या मुलामुलींनी काय करावे

या क्षेत्रात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

लिहिणाऱ्यांनी कथा किंवा संकल्पना कोणालाही ऐकवण्याआधी तिची नोंदणी करावी. स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सदस्य होऊन ती ऑनलाइन करता येते. तोंडी शब्दावर काम सुरू करू नये. करारात चार गोष्टी आहेत का ते पाहावे : भागाला किती पैसे, ते किती दिवसांत, पडद्यावर नाव येणार का, आणि मध्येच काढले तर लिहून दिलेल्या पानांचे काय. वाद झाला तर संघटनेची तक्रार निवारण समिती आहे. एकट्याने भांडण्यापेक्षा तिथे जावे.

सेटवर काम करणाऱ्यांनी आपल्या कामाच्या संघटनेचे कार्ड काढावे. ते महाग वाटते, पण कार्डाशिवाय थकलेल्या पैशासाठी दाद मागायला जागा राहत नाही. आपण केलेल्या पाळ्यांची तारीख, सेट, तास अशी साध्या वहीत नोंद ठेवावी. वाद झाला की तीच वही उपयोगी पडते.

आणि आपल्या विहारांनी, मंडळांनी, बचत गटांनी या कामगारांची एक यादी करावी. आपल्या वस्तीतून किती माणसे सेटवर जातात, याची मोजदाद आज कोणाकडे नाही. विहारात अभ्यासिका चालते, आरोग्य शिबिर होते, तसा महिन्यातून एक दिवस करार वाचून समजावून देणारा वकील किंवा जाणकार बसवता येईल. काम बंद पडले तर पहिल्या पंधरा दिवसांचा किराणा निघेल एवढा निधीही दहा-वीस घरे मिळून उभा करू शकतात. वर्गणी काढून जयंती थाटात करणाऱ्या वस्तीला हे अवघड नाही.

पुढचा संप कृत्रिम बुद्धिमत्तेवरून होईल, रॉयल्टीवरून होईल की पुन्हा आठ तासांच्या पाळीवरून, ते आज सांगता येत नाही. पण तो होईल तेव्हा टीव्हीवर जुने भाग लागतील आणि आपल्या काही घरांत पाळी नसलेला माणूस बसलेला असेल. त्या घरांची नावे आपल्याला आधीच माहीत असली पाहिजेत. यादीचे काम या रविवारच्या वंदनेनंतर सुरू करता येईल.